काडतुसांचा पट्टा

आमच्या घरी काडतुसं तांदळाच्या डब्यात असत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला हे मी एकदा सहज बोलून गेले, तर बाकावरच्या मुली माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मी एखाद्या टोळीतलीच आहे. लालबागची म्हटल्यावर त्यांना तसंही अर्धंमुर्धं तेच वाटत असणार. पावसाळ्यात मुंबईची हवा कशी असते, पुठ्ठ्याच्या नळीचं काडतूस त्या हवेत कसं फुगतं, आणि एकदा फुगलं की बंदुकीत शिरत नाही, हे त्यांना कोण समजावून सांगणार? तांदूळ ओल ओढून घेतो, म्हणून आप्पा जून लागला की काडतुसं जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून डब्यात पुरून ठेवत. सकाळी कामावर निघताना काढायची, एकेक पुसून कमरेच्या पट्ट्यात खोचायची, संध्याकाळी आल्यावर पुन्हा तांदळात. आईला ते अजिबात पटत नसे. भात टाकायला डबा उघडला की तिचा रोजचा पाढा सुरू व्हायचा, "ह्यां अन्न आसा की दारूगोळो? उद्या पोरगी भातातसून बार खायत तेवा कळात तुमका." आप्पा हसायचे आणि डबा पुन्हा नीट बंद करून ठेवायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गिरणी बंद पडली आणि आयुष्यभर सूत हाताळलेला त्यांचा हात एका दिवसात कुणाच्या उपयोगाचा राहिला नाही. काही महिने शिवडीला गोदामात गोणी वाहिल्या. पाठ गेली. मग कुणीतरी सांगितलं की स्वतःची बंदूक असलेला गार्ड सगळ्यांना हवा असतो, काठीवाल्यापेक्षा त्याला पगार जास्त. बंदूक आमच्याकडे होती. कणकवलीजवळच्या आमच्या गावी आजोबांकडे एक एकनळी होती, भातावर येणाऱ्या डुकरांसाठी आणि माडावरच्या माकडांसाठी. आजोबांमागे तिचा परवाना आप्पांच्या नावावर झाला होता. पोलिस स्टेशनचे उंबरठे झिजवून त्यांनी ती मुंबईला आणली आणि गिरगावातल्या एका बँकेच्या दारात उभे राहिले. सिक्युरिटी एजन्सीने त्यांना गणवेश दिला, टोपी दिली, शिट्टी दिली. बंदूक त्यांची, काडतुसं त्यांची. ड्रायव्हर ठेवताना त्याला कोणी गाडी घरून आण म्हणत नाही. पण गार्डला, ज्याच्या जिवावर तुमची तिजोरी, त्याला म्हणायचं की मरायचं सामान तूच घेऊन ये. हे तेव्हाही कुणाला विचित्र वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, टोकाची. खाली मसाल्याची दुकानं, त्यामुळे उन्हाळाभर मिरच्या कुटणाऱ्या डंकांचा धपधप आवाज आणि घरात शिंका. पाहुणा आला की आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. बंदूक कपाटाच्या मागे भिंतीला साखळीने बांधलेली असे. रविवारी आप्पा ती उघडून, तिच्यातून फडकं ओढून, तेल देऊन पुन्हा जोडत. त्या वेळी आई बांगड्याचं तिखलं करत असायची, तिरफळांचा वास आणि तेलाचा वास एक होऊन जायचा. मला अजूनही तिरफळं ठेचली की बंदूक आठवते. आप्पा साच्याला तेल देत असत तसंच तिलाही देत, कपाळाला आठी घालून, कुणाशी न बोलता. त्यांनी बँकेच्या दारात आयुष्यात एक बार काढला नाही. काढायची वेळही आली नाही. पण पट्टा भरलेला पाहिजे, असा बँकेचा नियम होता, आणि त्याहून जास्त तो आप्पांचा होता. दर वर्षी पाऊस संपला की जुनी काडतुसं गावी नेऊन उडवायची आणि नवी घ्यायची, असं त्यांचं ठरलेलं होतं.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलला युद्ध पेटलं. शेजारच्या राणेकाकूंकडे टीव्हीसमोर आख्खा मजला जमायचा. शवपेट्या यायला लागल्या तेव्हा बायका पदर तोंडाला लावून रडायच्या, मीही रडले आहे, ते रडणं खोटं नव्हतं. चाळीच्या तोंडाशी निधीची पेटी लागली. आप्पांनी त्यात टाकले ते वेगळे, आणि एजन्सीने सगळ्या गार्डांचा एक दिवसाचा पगार न विचारता कापून घेतला तो वेगळा. पुढे त्या निधीचा फळ्याएवढा चेक हातात धरलेला फोटो एजन्सीच्या कचेरीत लागला, आणि त्यात एकही गार्ड नव्हता. मी चिडले तर आप्पा म्हणाले, "पोरां थय बर्फात मरतत आणि मी एका दिवसाच्या पगारासाठी रडू? गप ऱ्हव."

पावसात आप्पांची काडतुसं फुगायला लागली. त्या वर्षी तांदळानेही हात टेकले. काही त्यांनी मेण चोळून, वरचा पापुद्रा पात्याने तासून कशीबशी सरळ केली, बाकीची कामातून गेली. मग ते मला घेऊन धोबीतलावच्या बाजूला बंदुकीच्या दुकानात गेले. मला एवढ्याचसाठी, की कुठे इंग्रजीत काही लिहिलेलं असलं तर मी वाचावं. दुकानाचा म्हातारा शेठ आप्पांना ओळखत होता. त्याने काचेच्या कपाटाकडे हात केला. कपाट रिकामं होतं.

"माल कुठून आणू परबभाऊ? सरकारी कारखान्यातून यायचा. आता तिकडे जे बनतंय ते फौजेला जातंय. तुझी बारा बोअरची काडतुसं कोण बनवणार?"

"आणि परदेशातला?" मी विचारलं.

"बाहेरचा तर कधीचा बंद आहे बेटी. कुणाच्या घरातून जुना डबा निघाला तर तो विकणारा मागेल तो भाव. युद्ध झालं, आता जो तो घरात भरून ठेवतो. उद्या मिळेल की नाही, म्हणून आज चार जास्त. मी पण काय करू?"

मग त्याने आवाज उतरवून सांगितलं की एक डबा आहे. भाव सांगितला. गेल्या वर्षी तेवढ्यात आमच्याकडे महिन्याचा किराणा आला होता. आप्पांनी खिशातला रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. तेवढ्यात पांढऱ्या चपला, पांढरी पॅन्ट असा एक माणूस आत आला. गाडी बाहेर चालूच होती. कर्जतला फार्महाऊसवर भाच्याचं लग्न आहे, थोडा आवाज पाहिजे, असं तो हिंदीत म्हणाला. शेठने आमच्याकडे एकदा बघितलं. आप्पांनी मान खाली घातली. त्या माणसाने भाव विचारलासुद्धा नाही. डबा काखेत मारला आणि गेला.

माझे केस आता पांढरे झालेत, पण तो डबा काखेत मारून जाणारा माणूस आठवला की माझी कानशिलं तापतात. टंचाई, टंचाई म्हणतात ती कुणाची? आता पुन्हा जगात दोन-तीन ठिकाणी युद्धं पेटली आहेत. माझ्या मावसबहिणीचा मुलगा वरळीला नेमबाजी शिकतो, तो परवा सांगत होता की गोळ्यांचे भाव कुठच्या कुठे गेलेत, युद्ध आहे ना मावशी. किती सहज म्हणाला. पावसासारखं, वरून पडल्यासारखं. मी त्याला म्हटलं, भाव वाढले की आधी बघायचं कोणाचा सराव बंद होतो आणि कोणाचा चालू राहतो. तो हसला. त्याच्या क्लबात ज्यांचा बंद झाला ती पोरं आता येत नाहीत, त्यामुळे त्याला दिसणार तरी कुठून?

आप्पा काडतुसांचं सांगायला एजन्सीत गेले. दादरला एका जिन्याखाली कचेरी होती आणि तिचा मालक होता मेजरसाहेब. सगळे त्याला मेजर म्हणत, तो सैन्यात नेमका कोण होता हे कुणालाच माहीत नव्हतं. काही म्हणायचे, कॅन्टीनचं बघायचा. आप्पांनी विनंती केली की एवढ्या वेळेला एजन्सीने अर्धा भार उचलावा, पगारातून वळता करून घेतला तरी चालेल. तो म्हणाला, "देशात युद्ध चाललंय परब, आणि तुला भाव सुचतात? आपली पोरं तिथे गोळ्या खातायत. तू इथे पंख्याखाली उभा आहेस." आप्पा बँकेच्या दारात उन्हात उभे असत. पंखा आतल्या बाजूला होता. घरी येऊन त्यांनी जी चांगली काडतुसं उरली होती ती पट्ट्याच्या पुढच्या बाजूला खोचली आणि पाठीमागचे कप्पे रिकामे ठेवले, म्हणजे समोरून बघणाऱ्याला पट्टा भरलेला वाटावा.

गणपती आले. त्या वर्षी लालबाग-परळात दर दुसऱ्या मांडवात कारगिल होतं, आमच्यातही. पोरांनी पोत्यांचे डोंगर केले, त्यावर कापूस टाकला, पुठ्ठ्याच्या तोफा, स्पीकरवर धडाड-धूम, लाल दिवे लागतायत विझतायत. एका सुताराने लाकडाची काडतुसं तासून, लाल रंग आणि बुडाला सोनेरी रंग देऊन पुतळ्यांच्या अंगावर माळाच्या माळा चढवल्या. एवढी हुबेहूब की आप्पा त्यातलं एक हातात घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले. "माझ्या पट्ट्यात असती तर," असं काहीतरी ते पुटपुटले आणि आपणच हसले. देखाव्याच्या उद्‌घाटनाला मेजरसाहेब. त्याने मंडळाला मोठी देणगी दिली होती. गार्डांच्या पगारातून कापलेलीच असणार, पण पावतीवर त्याचं नाव होतं.

तो छातीवर कसल्यातरी पट्ट्या लावून आला होता. भाषण बरंच लांबलं. मग त्याला गर्दीत आप्पा दिसले. ते कामावरून थेट आले होते, गणवेशात, खांद्याला बंदूक. "आणि हा बघा," तो माईकवर म्हणाला, "याच चाळीतला आपला बंदूकवाला जवान. याच्या हातून आज शहिदांना सलामी होऊ दे. परब, चल, बार काढ!" टाळ्या पडल्या. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी आणि आई वर गॅलरीत होतो. आई ओरडली, "ओ, नको! उडवू नकात!" पण स्पीकरमध्ये कुणाला ऐकू जाणार?

आता इथे एक सांगायला हवं, नाहीतर आप्पा मूर्ख वाटतील, आणि ते मूर्ख नव्हते. गावी शिमग्याला देवाची पालखी उठते तेव्हा पहिला बार आमच्या घराण्याचा. तो मान आहे. आजोबांनी काढला, मग आप्पांनी. तो बार झाल्याशिवाय भोई पालखीला खांदा देत नाहीत. गार्डची नोकरी लागल्यापासून आप्पांना शिमग्याला रजाच मिळाली नव्हती, चुलत्याने दुसऱ्याची बंदूक आणून काढला होता, आणि ते त्यांना फार लागलं होतं. देवासाठी, मेलेल्यांसाठी, चारचौघांनी बोलावून बार काढ म्हटलं तर नाही म्हणायचं असतं, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. भर वस्तीत बार काढणं गुन्हा आहे, हे त्यांना परवान्यामुळे तोंडपाठ होतं. ते सगळं त्या क्षणी पुसलं गेलं. त्यांनी टोपी सरळ केली, बंदूक बिजागरीत मोडून उघडली, काडतूस घातलं आणि आकाशाकडे धरून ओढलं. कबुतरं उडाली, लहान पोरं भोकाड पसरून रडायला लागली, आणि खाली जयजयकार. बंदोबस्ताचा हवालदार पानाच्या टपरीकडे तोंड करून उभा होता.

"अजून एक!" मेजरसाहेब म्हणाला. मग अजून एक. एकनळी, दर वेळी मोडायची, उडालेलं काडतूस काढायचं, नवं घालायचं. आप्पांचं तोंड मला वरून स्पष्ट दिसत होतं. पहिल्या बाराला ते उजळलं होतं. नंतर नंतर ते पट्टा चाचपायला लागले, पण थांबा म्हणायला जीभ उचलली नाही. थांबवायला हवं होतं ते त्या माईकवाल्याने, ज्याला ठाऊक होतं की या माणसाकडे पट्टा भरायला पैसे नाहीत, कारण आप्पा ते मागायला त्याच्याच दारात गेले होते. शेवटचं काडतूस दमट हवेने तोवर फुगलं होतं, आत गेलं नाही. तेवढं वाचलं. ते कसल्या कामाचं?

विसर्जनानंतर आठवड्याभरात बँकेत मोठ्या कचेरीतून तपासणीला माणूस आला. मी जेवणाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून हे मी स्वतः बघितलं आहे. त्याने आप्पांना वरच्या मजल्यावर नेऊन पट्टा काढून टेबलावर ठेवायला सांगितला. मागचे कप्पे रिकामे, पुढचेही रिकामे, एकात ते फुगलेलं. मॅनेजरबाई गिरगावातल्याच, शांत, मोजून बोलणाऱ्या. त्यांनी एजन्सीला फोन केला आणि मेजरसाहेब अर्ध्या तासात हजर.

"परब, काडतुसं कुठे गेली?" बाईंनी विचारलं.

"उडवलंय बाई. गणपतीत. सलामीक."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

आप्पांनी मेजरसाहेबाकडे बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. खरंच वाचत होता, ओठ हलत होते. मी डबा घट्ट धरून उभी होते. आता बोलतील, असं मला वाटलं.

"कोनी नाय. माझ्याच मनान," आप्पा म्हणाले.

मी "खोटं आहे," एवढं म्हटलं आणि आप्पांनी माझ्याकडे डोळे वटारले. "बाय, डबो ठेव आणि घराक जा." मी डबा ठेवला पण गेले नाही, जिन्यात थांबले. थोड्या वेळाने दोघे खाली आले, आप्पांची नोकरी गेलेली. मेजरसाहेबाने आप्पांच्या पाठीवर हात ठेवला होता. "शहाणा आहेस," तो म्हणत होता. "आता गप्प राहा. दिवाळीनंतर दुसरीकडे लावतो." मला बघून तो हसला आणि म्हणाला, "काय गं, कितवीत?" आजही कुणी मोठ्या माणसाने पाठीवर हात ठेवला तर मी दोन पावलं मागे सरते.

दिवाळी आली आणि गेली. आप्पा दर सोमवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दादरला जात आणि "बघतो म्हणालेत," असं सांगत परत येत. मी एकदा त्यांच्यावर ओरडले, की तेव्हा नाव का नाही घेतलंत? ते म्हणाले, "नाव घेतलं असतंय तर दुसरीकडे कोन घेतलो असतो माका?" नवी काडतुसं घ्यायची तर भाव अजून खाली आलेला नव्हता, आणि काडतुसांशिवाय दुसरी एजन्सी दारात उभं करत नव्हती. आईने खालच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्यांची देठं काढायचं काम धरलं. दिवसभर बसायचं, पोतीच्या पोती. संध्याकाळी तिच्या हातांची अशी आग व्हायची की पिठाला हात लावता येत नसे. भाकऱ्या आप्पा थापायला लागले. त्यांच्या भाकऱ्या जाड व्हायच्या, आम्ही कुळथाच्या पिठीत बुडवून खायचो.

हवेत गारवा आला होता तेव्हा एकदा कॉलेजातून येताना मी मुद्दाम बँकेवरून गेले. दारात आप्पांच्या जागी एक तरुण गार्ड होता, तिशीच्या आतबाहेरचा. त्याचा पट्टा पुढून मागून गच्च भरलेला होता, काडतुसं नवीकोरी, लालभडक. मला संताप आला. आप्पांना एक मिळत नव्हतं आणि याला एवढी कुठून? मी सरळ जाऊन विचारलं, "कुठे मिळाली हो? दुकानात तर नाहीत." तो आधी दचकला, मग मी कोण ते सांगितल्यावर मोकळा झाला. नाव संतोष, घोडपदेवचा, त्याचेही वडील गिरणीतले. बंदूक त्याच्या सासऱ्यांची, नावावर करून घेतलेली. इकडेतिकडे बघून त्याने एक काडतूस उपसलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. हलकं. लाकडाचं. बुडाला सोनेरी रंग.

"साहेबांनीच दिली," तो हसून म्हणाला. "कुठल्यातरी मंडळाच्या डेकोरेशनची आहेत. बोलले, बेल्ट फुल दिसला पाहिजे, बाकी कोण बघतंय? इन्स्पेक्शन असलं की मी एक दिवस आधी कळवतो, तेव्हा दुसऱ्या गार्डची खरी लावू. तसं पण इथे काय होतंय?"

मी घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी थापत असलेली भाकरी तव्यात टाकली, उलटली, फुगू दिली, उतरवली. मग हात धुतले. मला वाटलं, त्यांना स्वतःच्या अपमानाचा राग येईल. ते म्हणाले, "आणि दरोडो पडलो तर? समोरचो तेची बंदूक बघून आधी तेकाच घालतलो. आणि ह्यो काय, लाकूड फेकून मारतलो?" शर्ट चढवून ते निघाले. जो माणूस स्वतःच्या नोकरीसाठी तोंड उघडायला तयार नव्हता, तो त्या पोराच्या जिवासाठी बँक बंद व्हायच्या आत पोचायला धावला. मॅनेजरबाईंना त्यांनी बाजूला बोलावून सांगितलं, त्या पोराच्या पट्ट्यात लाकूड आसा, त्याला एकतर खरी द्या नाहीतर आत बसवा. बाईंनी ऐकून घेतलं. आभारही मानले म्हणे.

मग बाईंनी एजन्सीला फोन केला, आणि एजन्सीने सांगितलं की गार्डने आमची फसवणूक केली, आम्ही त्याला आत्ताच काढून टाकतो. एजन्सीचं कंत्राट चालूच राहिलं. ते अजून कितीतरी वर्षं चालू होतं, मी येताजाता बघत होते. मेजरसाहेबाने नंतर बंगला बांधला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संतोष आमच्या दारात उभा. पत्ता त्याला मीच दिला होता, बोलता बोलता. आप्पा उठले, "ये रे, बस," म्हणाले. तो आत आला नाही. चपला पायातच होत्या.

"काका, तुमची नोकरी मी मागून घेतली नव्हती," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. "तुम्हाला माझ्यावर राग होता तर मला येऊन दोन कानाखाली मारायच्या."

"राग कसलो रे? तुझ्या जिवासाठी सांगलंय मी."

"जीव माझा होता ना? दोन पोरं आहेत मला. आता त्यांना काय लाकूड खायला घालू?"

आप्पा नुसते हात हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "तू बाईंका सांगलंस मा, कोनी दिली ती?"

"कसं सांगणार? उद्या कोण उभं करेल मला?" संतोष म्हणाला. "साहेबांनी बाहेर नेऊन सांगितलंय, आता गप्प राहा, होळीनंतर दुसरीकडे लावतो."

आप्पा पलंगावर बसले. भिंतीकडे बघायला लागले. तो बिचारा आमच्या तोंडांकडे बघत होता, कारण त्याला काहीच कळत नव्हतं. माझ्याच्याने राहवेना. "आमच्या आप्पांना दिवाळीनंतर लावणार होते," मी म्हणाले.

त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे. "खरं काय, काका?"

आप्पांनी मान हलवली.

संतोषने हळूहळू चपला काढल्या, आत आला, भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि मेजरसाहेबाला एक शिवी दिली. साधीसुधी नव्हे, आई-बाप, गणवेश, छातीवरच्या पट्ट्या, सगळं एका दमात घेणारी. शेजारी राणेकाकूंचं भांडं वाजायचं थांबलं. आमच्या घरात शिवी चालत नसे. मालवणी घरात हे नवल, पण आईने आप्पांचीसुद्धा कधी खपवून घेतली नव्हती. मी घाबरून तिच्याकडे बघितलं. ती मोरीजवळ, मिरच्यांनी लाल झालेले दोन्ही हात पाण्याच्या घमेल्यात बुडवून बसली होती. तिने हात बाहेर काढले नाहीत.

"आजून एक घाल रे झिला," ती म्हणाली. "ती माझ्या वाटची."